चौदा हजार सहाशेची जिलेबी

पहिली गोष्ट स्पष्ट करतो. ती जिलेबी मी एकट्याने वाटलेली नाही. पैसे माझे होते हे कबूल, पण शहापूरहून बांधून आणली चौकीदार राघोने आणि खाल्ली धरणावरच्या सबंध कॉलनीने. तरी आज इतकी वर्षं झाली, नाव निघतं ते माझंच. नवीन बदलून आलेल्या माणसाला माझी ओळख "ते जिलेबीवाले उबाळे" अशी करून देतात. एका बिचाऱ्याने तर घरच्या बारशासाठी माझ्याकडे पाच किलोची ऑर्डर दिली होती, आणि मी हलवाई नाही हे त्याला पटवताना मला माझं सरकारी ओळखपत्र काढून दाखवावं लागलं.

मी कुडशेत धरणावर पातळी वाचतो. शहापूरहून मुरबाडकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, त्याच्या टोकाला हे धरण. मोठं नाही. सांडव्यावर दरवाजेसुद्धा नाहीत. भरलं की आपलं आपण वाहतं. पण मान लहान धरणालाही असतो आणि पातळी वाचणाऱ्यालाही असायला हवा. रोज सकाळी आठला मी मापपट्टीपाशी जायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा आणि वायरलेसवरून वर कळवायचा. रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात मी अठरा वर्षं "निरंक" लिहीत आलो. साहेबांनी एकदा विचारलंही, "उबाळे, तुम्हाला कधीच काही वेगळं दिसत नाही का हो?" मी ताठ उभा राहून म्हणालो, "साहेब, आकड्यात सगळं येतं."

हे वाक्य मी कुठल्या मुहूर्तावर बोललो कोण जाणे.

गोष्ट २००९ च्या ऑगस्टची. त्या वर्षी पावसाने अशी दडी मारली की ऑगस्ट अर्धा झाला तरी धरण निम्मंसुद्धा भरेना. आमच्या कॉलनीची एक जुनी रीत आहे. धरण भरून सांडव्यावरून पाणी पडलं की त्या दिवशी पातळी वाचणाऱ्याने सगळ्या कॉलनीला जिलेबी द्यायची. दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आत तोंडं गोड व्हायची. त्या वर्षी लोक मला रस्त्यात अडवून "किती झाली?" विचारायचे आणि आकडा ऐकला की माझ्याकडे असं बघायचे, जसं काही मीच पाणी अडवून ठेवलंय.

त्यात स्वाइन फ्लू आला. पुण्या-मुंबईच्या बातम्या टीव्हीवर दिवसभर चालू. मास्क शहापुरात मिळेना, तेव्हा कॉलनीतल्या प्रत्येकाने रुमालात कापूर आणि वेलदोडे बांधून तो नाकाशी धरला. आठ दिवस कॉलनीला एखाद्या देवघराचा वास येत होता. कोणी साधं शिंकलं तरी समोरचा माणूस दोन पावलं मागे जायचा आणि मग "काय, बरं हाय ना?" असं लांबून विचारायचा.

अशा हवेत मंगळवारी माझी बायको पौर्णिमा शाळेतून आली ती अंगात ताप घेऊनच.

पौर्णिमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत चार वर्ग एकटी सांभाळते, आणि घरी आल्यावर पाचवा वर्ग माझा. तिचं बोलणं ही आमच्या घरातली चोवीस तास चालू असलेली गोष्ट. तिचा रोजचा मुख्य कार्यक्रम मात्र सव्वाआठचा. वरच्या ठाकूरवाडीतली हौसा त्या वेळी कंटोळी, अळू, काकड्या असं काहीबाही टोपलीत घेऊन मागच्या दारी यायची. हौसा दुप्पट भाव सांगायची, पौर्णिमा निम्म्याला मागायची, मग दोघी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि शेवटी पायरीवर बसून चहा प्यायच्या. दहा वर्षांत यात एकदाही खंड नाही. मी पातळी वाचून परतायचो तेव्हा लांबूनच त्यांचा आवाज आला की घड्याळ बघावं लागायचं नाही.

बुधवारी तिला मोटारसायकलवर मागे बसवून शहापूरला डॉक्टर पाठारे मॅडमकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, रक्त तपासायला लावलं. तासाभराने कागद आला. मॅडमनी तो बघितला आणि म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी तीन हजार चारशे. जरा कमी आहेत. विषाणूच्या तापात पुष्कळदा असं होतं. छाती साफ आहे. अँटिबायोटिक देत नाही, त्याचा उपयोग नाही. तापाची गोळी, पाणी आणि विश्रांती."

"मॅडम, स्वाइन फ्लू..."

"असेल, नसेल. प्रत्येकाची ती तपासणी होत नाही आणि यांना आत्ता त्याची गरजही दिसत नाही. घरी वेगळ्या खोलीत ठेवा. एक मात्र नीट ऐका, उबाळे. ताप उतरून परत चढला किंवा धाप लागली, तर कशाचीही वाट बघू नका. थेट घेऊन या."

मी मान हलवली. पण ऐकलं काय, तर फक्त "कमी आहेत". माझे डोळे त्या कागदावर खिळले होते. कागदावर छापलं होतं, चार हजार ते अकरा हजार. आणि माझी बायको होती तीन हजार चारशेवर. आता ज्याने अठरा वर्षं धरण वाचलंय त्याला हा कागद कसा दिसणार? धरणाच्या तळाशी एक रेघ असते. त्याखालचं पाणी कालव्यात निघत नाही, कोणाच्या कामाचं नसतं. त्याला आमच्या खात्यात मृत साठा म्हणतात. तो शब्द मी रोज कागदावर लिहितो आणि मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मोटारसायकल चालवताना तो डोक्यातून जाईना. गाडी एका खड्ड्यातून दुसऱ्यात जात होती. पौर्णिमा मागून म्हणाली, "अहो, खड्डे चुकवताय का शोधताय?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर हेडक्लार्क घुड्यांनी मला ऑफिसच्या फाटकातच थांबवलं. नाकाला रुमाल, आवाज रुमालातून. "उबाळे, घरात ताप आहे म्हणे. स्वाइन फ्लू नसल्याचा दाखला आणा, मगच आत."

"घुडेसाहेब, असा दाखला कोण देतं?"

"ते मला माहीत नाही. पण आणा."

"मग मला रजा द्या."

"रजेचा अर्ज आत येऊन भरावा लागतो."

अशा रीतीने मी कामावरही नव्हतो आणि रजेवरही नव्हतो. पातळी मात्र वाचायलाच हवी होती, कारण रजिस्टरावर सही माझी लागते. तोड निघाली ती अशी: मी मापपट्टीपाशी उभं राहून आकडा ओरडायचा, चौकीदार राघो विशेने पन्नास पावलांवरून तो ऐकायचा, रजिस्टरात लिहायचा आणि कॉलनीच्या फळ्यावरही मांडायचा. राघो सज्जन माणूस. आकडा लिहून झाल्यावर त्याने तिकडूनच हाक मारली, "आन वैनींची किती?"

आदल्या संध्याकाळी गीताबाईंनी घरी येऊन पौर्णिमाचं रक्त काढलं होतं आणि शहापूरच्या लॅबमधून आकडा रात्रीच फोनवर आला होता. गीताबाई म्हणजे आमच्या शेजारच्या, आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टर. डॉक्टरांनी रोज तपासा असं सांगितलं नव्हतं. पण जी गोष्ट घसरतेय ती रोज वाचायची नाही, हे माझ्या रक्तात बसत नव्हतं. "तीन हजार शंभर!" मी ओरडलो. राघोने तेही फळ्यावर लिहिलं. धरणाच्या पातळीखाली, खडूने, ठळक अक्षरात: *उबाळे वैनी ३१००, घट ३००.*

म्हणजे फळा मी लिहिला नव्हता. याचीही नोंद असावी.

फळा वाचल्यावर कॉलनी हलली. धरण भरत नाही त्याला कोणी काही करू शकत नव्हतं. पण वहिनी भरत नाहीत म्हटल्यावर प्रत्येकाला काहीतरी करण्यासारखं सापडलं. एक जण खेकड्याचा रस्सा घेऊन आला. दुसऱ्याने पपईचा पाला वाटून पाठवला. तो कुठल्या तापाला देतात हे त्यालाही आठवत नव्हतं. मुरबाडहून माझा मेहुणा प्रशांत फोनवरून गुळवेल सांगत होता. आमची मुलगी पल्लवी शिकायला त्याच्याकडेच असते, तिच्यापासून लपवायचं म्हणून तो इतकं हळू बोलायचा की मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. सगळ्यांत भारी तर्क राघोचा. "बीट खाल्ला का लाल रगत वाढतं ना? मंग पांढऱ्या पेशींना पांढरा खायला द्या. सरळ हिशेब हाय."

सरळ हिशेब मला नेहमी पटतो. मी तापलेल्या माणसापुढे भात, दही, मुळा, ओलं खोबरं आणि अंड्याचा पांढरा भाग मांडला. पौर्णिमाने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शाळेतला खडू राहिला," ती म्हणाली, "कपाटात आहे. किल्ली देऊ का?"

पलंगासमोरच्या भिंतीवर मी आलेखाचा कागद चिकटवला होता. धरणाचा काढतो तसाच. खाली चार हजारांवर तांबडी रेघ, वर अकरा हजारांवर निळी. रोजचा ठिपका, ठिपक्यांना जोडणारी ओळ.

"माझं रक्त म्हणजे काय कुडशेतचं धरण आहे का?"

"तू झोप."

"तुमी समोर हे लावल्यावर झोप कशी येणार? डोळे उघडले की मी आपली घसरतेय."

मला हसायला हवं होतं. पण मला खरंच भीती वाटत होती. चोवीस वर्षांच्या संसारात ही बाई नसलेलं घर कसं असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं, ते त्या दोन दिवसांत सारखं येत होतं. आणि मला भीती वाटली की मी मोजायला लागतो. दुसरं काही मला येत नाही.

शुक्रवारी आकडा आला दोन हजार आठशे. मी ठरवलं, मापपट्टीच चुकीची असणार. धरणावर अशी शंका आली तर आम्ही दुसऱ्या पट्टीने ताडून बघतो. शहापूरच्या लॅबमध्ये एक गृहस्थ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायचे. मुरबाडला मशीन आलंय असं प्रशांत म्हणाला होता. मी गीताबाईंकडून रक्ताची दुसरी कुपी भरून घेतली, बर्फ घातलेल्या पेटीत ठेवली आणि मुरबाडला निघालो. पेटी आमच्या खात्याचीच, पाण्याचे नमुने न्यायची. तिच्यावर रंगवलेलं होतं, "पाणी नमुना. पिण्यास अयोग्य." मुरबाडच्या लॅबमधल्या माणसाने ते वाचून मला हाकललं. "पाण्याची तपासणी इकडे होत नाही, काका. पुढच्या गल्लीत." पुढच्या गल्लीत पाणीवाल्याने झाकण उघडलं, आत रक्त बघितलं आणि खुर्चीवर बसून घेतलं. "कुठल्या विहिरीचं?" त्याने विचारलं. त्याला पाणी पाजून मी परत पहिल्या लॅबमध्ये आलो आणि पेटी उघडूनच दाखवली.

मशीनने सांगितलं, तीन हजार पाचशे.

एकच रक्त, दोन पट्ट्या आणि सातशेचा फरक. यावर माझ्यातल्या जाणत्या कर्मचाऱ्याने जे केलं त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी बाही वर केली आणि माझं स्वतःचं रक्त दिलं. मुरबाडला दिलं, परतताना शहापूरलाही दिलं. मी आलो सात हजार पाचशे आणि सहा हजार आठशे. म्हणजे मुरबाडची पट्टी सातशेने वर दाखवते, हे सिद्ध झालं! सबंध दिवस गेला, दोन्ही दंड दुखत होते आणि पौर्णिमा होती तिथेच होती, दोन हजार आठशेवर. मी घरी आलो तेव्हा ती एकटीच उठून स्वयंपाकघरात पाणी पीत होती.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"पहिला आकडा बरोबर होता."

"मग दिवसभर घरात बसला असता तर तो चुकला असता का?"

रविवारी ताप उतरला. सोमवारी सकाळचा आकडा आला पाच हजार दोनशे! ओळ तांबडी रेघ ओलांडून वर निघाली. मी फळ्यावर स्वतः लिहिलं, तेवढं मात्र मी लिहिलं: *वाढ २४००.* लोकांनी लांबून टाळ्या वाजवल्या. मंगळवारी आठ हजार नऊशे. राघो म्हणाला, "धरणाचा माहीत नाय, वैनी भरतात या वर्सा."

मंगळवारी संध्याकाळी तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते परत गरम लागलं. मी स्वतःला सांगितलं, साठा भराभर वाढतो तेव्हा भिंतीवर ताण येतोच. खोकला जरा जाड झाला होता. ती काही बोलली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळपासूनच ती काही बोलली नव्हती. मी आलेखाची ओळ जाड करत होतो, त्यावर तिने एक शब्द काढला नाही. घरात इतकी शांतता होती की मला, लाज वाटते सांगायला, मला जरा बरंच वाटलं.

बुधवारी सकाळी सातला गीताबाईंनी रक्त काढलं आणि राघो ते घेऊन शहापूरला गेला. साडेनऊला लॅबमधून फोन आला. "उबाळे ना? चौदा हजार सहाशे आहे. डॉक्टरांना दाखवा हां."

"दाखवणार म्हणजे काय? सगळ्यांना दाखवणार!" मी म्हणालो. निळ्या रेघेच्याही वर! सांडवा वाहायला लागला! मी धावत दारात आलो आणि ओरडलो, "भरलं!"

आता त्या लोकांचाही विचार करा. अख्खा पावसाळा ते हा एक शब्द ऐकायला थांबले होते. घराघरातून माणसं बाहेर आली. कोणाला वाटलं धरण, कोणाला कळलं वहिनी, पण तोपर्यंत त्याने फरक पडत नव्हता. राघो शहापुरातच होता, त्याला कोणीतरी फोन केला. अकराच्या सुमाराला तो मोटारसायकलच्या हँडलला जिलेबीचे पुडे लटकवून आला. घुडेसाहेबांनी रुमाल खाली करून पहिली जिलेबी उचलली. गेल्या आठ दिवसांत त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो. "उबाळे," ते म्हणाले, "दाखल्याचं बघू आता." माझा ऊर भरून आला. आलेखाचा कागद मी भिंतीवरून काढून बाहेर आणला होता आणि एकेकाला ओळ दाखवत होतो.

त्या गर्दीतून हौसा पुढे आली. त्या दिवशी ती आधी बाजार करून उशिरा आली होती. डोक्यावर टोपली तशीच. तिने जिलेबीला हात लावला नाही.

"दादा," ती म्हणाली, "बाईनं भाव नाय केला."

"काय?"

"मी कंटोळीचा भाव दुप्पट सांगला. खिडकीतनं. ती बोलली, ठेव." हौसाचा आवाज चढला. "दहा वर्सा मी तुमच्या दाराला येतंय. ती मला कवा ठेव बोलली नाय! आत जाऊन बघ तरी एकदा. कोंबडी धापते तशी धापते ती."

मी आत गेलो. पौर्णिमा उशीला टेकून बसली होती, कारण तिला आडवं होता येत नव्हतं. नाकपुड्या फुलत होत्या. ओठ जांभळट झाले होते. उशाशी हौसाने ठेवलेली कंटोळी होती, सगळी. मी तिला हाक मारली. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि काही न बोलता डोळे मिटून घेतले. आठ दिवस मी त्या बाईच्या शेजारी बसून तिला नाही, तिच्यासमोरची भिंत बघत होतो. मॅडमचे शब्द तेव्हा पहिल्यांदा माझ्या कानात शिरले. ताप उतरून परत चढला. धाप लागली. कशाचीही वाट बघू नका.

"गाडी!" मी ओरडलो. हा आवाज आधीच्या आवाजासारखा नव्हता, कारण बाहेर सगळ्यांच्या जिलेब्या तोंडाशीच थांबल्या.

कॉलनीत चारचाकी एकच, ऑफिसची जीप. जीपची चावी घुड्यांकडे. घुड्यांच्या हातात अर्धी जिलेबी. "खाजगी कामाला सरकारी वाहन..." त्यांनी सुरुवात केली. गीताबाई आतून पौर्णिमाला धरून आणत होत्या, त्या म्हणाल्या, "घुडे, तुमी चावी देताव का मी घेऊ?" घुड्यांनी एकदा पौर्णिमाकडे पाहिलं. मग जिलेबी खिशात घातली, खिशात, तशीच पाकासकट, आणि लॉगबुक काढलं. गाडी नेण्याचं कारण लिहिल्याशिवाय त्यांचा हात चालेना, इतक्या वर्षांची सवय. त्यांनी लिहिलं: "सांडव्यावरून पाणी वाहू लागल्याने तातडीची पाहणी." धरण त्या दिवशी बेचाळीस टक्के होतं. पुढे लेखापरीक्षणात यावरून त्यांना जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी माझं नाव न घेता दिला, हेही सांगायला हवं.

शहापूरपर्यंत मी मागे तिला धरून बसलो होतो. रस्त्यात गुरं आडवी आली, राघो उतरून त्यांना हाकलायला धावला, आणि तो एक मिनिट मला अठरा वर्षांपेक्षा लांब वाटला. मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी तिचे श्वास मोजले. मिनिटाला छत्तीस. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका गरम होता की मला आश्चर्य वाटलं, हे मला रोज कसं कळलं नाही.

पाठारे मॅडमनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. ऑक्सिजन, सलाईन, एक्स-रे, इंजेक्शन, सगळं एकदम सुरू झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी कागद पुढे केला. दुसरं द्यायला माझ्याकडे काय होतं?

त्यांनी आलेख बघितला. बोट लावून बघितलं. "हे चिकट काय आहे?"

"पाक," मी म्हणालो. "जिलेबीचा."

"जिलेबी कशाबद्दल?"

मी सांगितलं. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. "उबाळे, आकडा खाली होता तेव्हा मला काळजी नव्हती. तेव्हा तुम्ही मुरबाडपर्यंत धावलात. वर चढला तेव्हा धावायचं होतं, तेव्हा तुम्ही जिलेबी वाटलीत. विषाणूने फुप्फुस दुबळं केलं, मागून जिवाणू घुसले. त्यांच्याशी लढायला पेशी वाढल्या. न्यूमोनिया आहे हा."

त्यांना दया आली असावी. "कागद आणलात ते बरं केलंत. आधी खाली, मग एकदम वर, हे ओळीवरून लगेच दिसलं. पण नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आकड्याआधी माणूस बघायचा. ती वेगळी वागतेय हे तुम्हाला आकड्याच्या आधी दिसायला हवं होतं."

"हौसाला दिसलं," मी म्हणालो.

दोन दिवस काय होईल ते सांगता येत नव्हतं. मी बाकावर बसून राहिलो. पल्लवीला आणलं, ती माझ्याकडे पाठ करून आईचे पाय दाबत बसली, जे बरोबरच होतं. कॉलनीतून कोणी ना कोणी येत होतं. राघो आला आणि दाराशीच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, फळा पुसला मी." बस, एवढंच. नर्सने विचारलं रिपोर्ट बघायचा का, तर मी नको म्हटलं. मी तिच्याकडे बघत बसलो. तिच्या भुवईवर एक जुना व्रण आहे, तो कधी आणि कसा झाला हे मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी हौसा दवाखान्यात आली. ठाकूरवाडीहून पायी फाट्यापर्यंत आणि तिथून टमटमने. डोक्यावर टोपली. ती पलंगाशी आली, टोपली उतरवली आणि कंटोळीचा एक वाटा पौर्णिमाच्या उशाशी मांडला.

"घे गो मास्तरीणबाय," ती म्हणाली आणि भाव सांगितला. नेहमीच्या तिप्पट! मी खिशात हात घातला. हौसाने माझ्याकडे असं बघितलं की मी तो तसाच बाहेर काढला.

पौर्णिमाच्या तोंडावर मास्क होता. तिने डोळे उघडले. कंटोळीकडे पाहिलं. हौसाकडे पाहिलं. मग हळूहळू हात वर केला आणि मास्क हनुवटीखाली ओढला.

"लाज नाय वाटत," ती म्हणाली. आवाज कुठून तरी खोलातून, खरखरत आला. "आजारी माणसाला लुटतेस? निम्म्याला दे. आन त्या दिवशी गुंगीत होते म्हणून ठेव बोलले, ते पण निम्म्याला लाव."

"जमायचा नाय."

"नाय जमत तर उचल टोपली."

हौसा पदराने डोळे पुसत टोपली उचलायचं नाटक करू लागली. पल्लवी हसली आणि रडली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पौर्णिमाने मास्क वर ओढला, मग परत खाली ओढला. "अहो, भिंतीकडे काय बघताय? तिथं पण काय लावलंय का?"

सोमवारी मी आठ वाजता धरणावर गेलो. पातळी वाचली, रजिस्टर उघडलं. घुडेसाहेबांनी दाखला मागितला नाही. तारीख लिहिली, वेळ, पातळी, पाऊस लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. साहेब काय म्हणतील याचा विचार मी केला, आणि मग लिहिलं: "पौर्णिमाने हौसाशी भाव केला. परिस्थिती समाधानकारक."